राजभाषा आणि प्रजाभाषा

(टिळकवाडी येथील भाषणाचा मजकूर)



देशाला राजभाषा असावी काय, हा प्रश्न आपल्या घटनाकारांनी टाळला नाही. १४ सप्टेंबर १९४९ रोजी घटनासमितीने देवनागरी लिपीतील हिंदीला संघराज्याच्या कारभाराची भाषा ठरविले व इंग्रजीला पंधरा वर्षांची मुदत दिली. ती मुदत सरल्यावरही इंग्रजी चालू राहावी, अशी सोय १९६३ च्या कायद्याने केली. मात्र 'राष्ट्रभाषा' हे पद घटनेने कोणत्याच भाषेला दिलेले नाही. राजभाषा ही कचेरीची भाषा होय. तिच्यावरून नागरिकाची निष्ठा मोजावयाची नसते.

कचेरीला भाषा हवीच. हुकूम काढावयाचे, दप्तर ठेवावयाचे, तर भाषेचा निर्णय केल्यावाचून गत्यंतर नाही. तत्कालीन म्हैसूर राज्याने १९६३ साली कन्नडला राजभाषा केले, ह्यात गैर काही नाही. कन्नडचा द्वेष करून मराठीची सेवा घडत नाही. परंतु राजभाषा ठरली की शासनाचे खरे कर्तव्य सुरू होते. निपाणीकडील शेतकऱ्याच्या हाती जमिनीची नोटीस पडावी आणि ती वाचून घेण्यास त्याला दुसऱ्याच्या दारी जावे लागावे, तर हरकतीचा हक्क कागदावरच राहतो.

ह्यावर तोड घटनेतच आहे. कलम ३५० अन्वये राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडता येते. १९५६ साली जोडलेले कलम ३५०-अ मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावयास सांगते. त्याच वर्षीच्या केंद्राच्या निवेदनाने, भाषिक अल्पसंख्य पंधरा ते वीस टक्के असतील तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही काढाव्यात, असे सुचविले. शेजारच्या गोव्याने १९८७ साली कोंकणीला राजभाषा केले आणि त्याच कायद्यात मराठीच्या शासकीय वापरासही जागा ठेवली. स्वित्झर्लंडने १९३८ साली सार्वमत घेऊन मूठभरांच्या रोमान्श भाषेला राष्ट्रीय भाषेचा मान दिला. त्यायोगे ते राष्ट्र दुभंगले नाही.

तेव्हा राजभाषा जरूर असावी. परंतु ती न जाणणाऱ्या माणसालाही आपला हक्क कळला पाहिजे, ही तिची कसोटी असावी. बंधुभगिनींनो, ही कसोटी लावणे आपल्याच हाती आहे. अर्ज मराठीत द्या, त्याची पोच घ्या आणि न कळणाऱ्या नोटिशीचे भाषांतर लेखी मागा. न मागितलेला हक्क दप्तरात पडून राहतो.