दुहेरी मळसूत्राची कसोटी

एखादी कल्पना जगन्मान्य झाली म्हणजे ती सिद्धही झाली, असा सर्वसाधारण समज असतो. डीएनए या आनुवंशिक द्रव्याच्या रचनेचा इतिहास मात्र निराळा आहे.

१९५३ साली केंब्रिज येथे जेम्स वॉटसन व फ्रान्सिस क्रिक यांनी या द्रव्याची दुहेरी मळसूत्राकार प्रतिकृती मांडली. तिला मोठा आधार लाभला तो लंडनच्या किंग्ज कॉलेजात रोझालिंड फ्रँकलिन व रेमंड गॉसलिंग यांनी घेतलेल्या क्ष-किरणचित्रांचा. दमट हवेत डीएनएचा धागा ‘बी’ रूप धारण करतो व कोरडेपणा वाढला की अधिक जाड व आखूड असे ‘ए’ रूप घेतो, हेही त्यांनी दाखविले. परंतु धाग्यात असंख्य रेणू एकत्र असतात. चित्रात उमटते ती त्या सर्वांची सरासरी. दुरून घेतलेल्या मिरवणुकीच्या छायाचित्रात रांग कळते, चेहरे ओळखू येत नाहीत, तसेच हे. प्रतिकृती चित्राशी जुळत होती. दुसरी कोणतीच जुळणार नाही, हे ठरले नव्हते. म्हणूनच १९७६ साली न्यूझीलंडमधील रॉडली व त्यांचे सहकारी आणि बंगळूरचे व्ही. शशिशेखरन यांनी वेगळा पर्याय पुढे ठेवला : दोन्ही साखळ्या एकमेकींना वेढे न घालता शेजारी-शेजारी असाव्यात.

हा वाद मिटविण्यास एकसारख्या रेणूंचा खरा स्फटिक हवा होता. ठरावीक क्रमाचे आखूड तुकडे प्रयोगशाळेत बनविता येऊ लागले, तेव्हा तो हाती आला. १९७९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत अँड्र्यू वांग, अलेक्झांडर रिच व त्यांचे सहकारी यांनी अवघ्या सहा जोड्यांच्या तुकड्याची रचना उलगडली. मळसूत्र दुहेरी होते खरे. पण त्याचे आटे डावे होते! त्याचा कणा नागमोडी दिसला म्हणून त्यास ‘झेड’ रूप हे नाव मिळाले.

उजवे मळसूत्र मग खोटे काय? उत्तर १९८० साली कॅलिफोर्नियात मिळाले. रिचर्ड डिकर्सन, होरेस ड्रू प्रभृतींनी बारा जोड्यांच्या तुकड्याचा स्फटिक अभ्यासला आणि त्यात उजव्या आट्यांचे ‘बी’ रूप स्पष्ट दिसले. सत्तावीस वर्षांनी वॉटसन-क्रिक यांच्या प्रतिकृतीला अणूंची प्रत्यक्ष साक्ष मिळाली. १९५८ सालीच दिवंगत झालेल्या फ्रँकलिनबाईंना हा दिवस पाहावयास मिळाला नाही.

या साक्षीने आणखीही काही सांगितले. एका वेढ्यात ‘ए’ रूपात सुमारे ११, ‘बी’ रूपात सुमारे १० व ‘झेड’ रूपात १२ जोड्या असतात. पण डिकर्सन यांच्या तुकड्यात प्रत्येक पायरीचा पीळ सारखा नव्हता. अक्षही किंचित वाकला होता. मध्यभागी, जेथे अॅडेनाईन व थायमाईन यांच्या जोड्या होत्या, तेथे लहान खाच अरुंद झाली होती व तिच्यात पाण्याचे रेणू ओळीने बसले होते. म्हणजे जोड्यांचा क्रम बदलला की रेणूची ठेवणही बदलते. आणि ती ठेवण चाचपूनच कित्येक प्रथिने आपली नेमकी जागा हुडकतात. धाग्यांच्या सरासरीत झाकलेला हा तपशील आखूड तुकड्यांनी उघड केला.