गॅस गीझरचा धूर कुठे जातो?



गेल्या थंडीत भाचीबरोबर गॅस गीझर घ्यायला गेलो होतो. तिचा नवा फ्लॅट, दोन बाथरूम, स्वयंपाकघराला लागून ड्राय बाल्कनी. दुकानदाराने भिंतीवर टांगलेले सात-आठ गीझर दाखवले. मिनिटाला पाच लिटर पाणी देणारा, सहा लिटरचा, काचेच्या तोंडाचा, आकडे दाखवणारा. रंगसुद्धा निवडता येत होता. मी विचारलं, "याचा धूर कुठे जातो?" तो हसून म्हणाला, "काका, याला धूर नसतो. गॅस आहे हा."

या एका उत्तरामुळे आज आपल्याशी बोलावंसं वाटलं.

आपल्यापैकी अनेकांनी तांब्याचा बंब पाहिला असेल. त्याचा धूर दिसायचा, डोळ्यांत जायचा. म्हणून बंब अंगणात, परसात, नाहीतर कौलांच्या फटींतून वारा येणाऱ्या न्हाणीघरात असे. गॅसचा धूर दिसत नाही, एवढाच काय तो फरक. ज्वलन तेच आहे, आणि तेही थोडंथोडकं नाही. सहा लिटरचा गीझर पूर्ण चालला तर तासाला साधारण एक किलो गॅस जाळतो. शेगडीचे पाच-सहा बर्नर एकदम पेटवल्यासारखंच ते. एक किलो गॅस नीट जळायला बारा घनमीटरच्या आसपास हवा लागते. आता आपलं बाथरूम घ्या. पाच फूट बाय सात फूट, उंची आठ फूट; म्हणजे जेमतेम आठ घनमीटर हवा. दार लावलेलं, थंडी म्हणून खिडकीही सरकवून घेतलेली. पंधरा मिनिटांच्या शॉवरमध्ये त्यातल्या तीन घनमीटर हवेला पुरेल एवढा प्राणवायू गीझरच खाऊन टाकतो.

प्राणवायू कमी पडू लागला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला येणारा उग्र वास गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो. जळल्यावर तो उरत नाही. त्यामुळे "वास आला असता तर कळलं असतं" हा हिशेब इथे चुकतो. रक्तातलं हिमोग्लोबिन हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरून ठेवतं. आधी डोकं जड होतं, मळमळतं, वाटतं पित्त झालं असेल. मग पायांतलं बळ जातं. कडी हाताशी असूनही ती काढता येत नाही. बाहेरच्यांना फक्त पाण्याचा आवाज ऐकू येत राहतो.

दिवाळीच्या पहाटे तर एकामागून एक आंघोळी होतात. पहिल्याला काही होत नाही, दुसऱ्यालाही नाही. "आम्ही इतकी वर्षं वापरतोय" असं म्हणणाऱ्या घरात चौथा माणूस आत जातो, तेव्हा हवा आधीच निम्मी वापरलेली असते.

तेव्हा लिटर आणि रंग नंतर. गीझर बसणार कुठे, हे आधी ठरवा. ब्रिटनमध्ये दिवाणखान्यातही भिंतीवर गॅसची शेगडी असते. पण तिथल्या १९९८ च्या नियमांनुसार बाथरूममध्ये गॅसचं उपकरण बसवायचं, तर ते खोलीपासून पूर्ण बंदिस्तच हवं. हवा बाहेरून घ्यायची, धूर बाहेर सोडायचा, आंघोळ करणाऱ्याच्या हवेशी संबंध नाही. आपल्या दुकानांत जे स्वस्त गीझर मिळतात, त्यांतले बहुतेक खोलीतलीच हवा घेतात आणि खोलीतच धूर सोडतात. असा गीझर बाथरूममध्ये नकोच. एक्झॉस्ट फॅन आहे ना, असं म्हणतात. पण फॅनला बाहेर टाकायला हवा आत यायला तर हवी! दाराखाली फट नाही, खिडकी बंद, मग तो नुसता घरघरतो.

गीझर ड्राय बाल्कनीत, वारा थेट ज्योतीवर येणार नाही अशा जागी लावावा आणि गरम पाण्याची नळी आत न्यावी. मात्र त्याच बाल्कनीला नंतर काचा लावून बंद केलंत, तर तीही खोलीच झाली. आयएसआय चिन्ह पाहावं. गॅस सिलिंडरचा की पाइपलाइनचा, हे सांगूनच गीझर घ्यावा. दोन्हींची नॉझल वेगळी असतात. पाइपलाइनच्या गीझरला सिलिंडर जोडला तर ज्योत पिवळी होऊन काजळी धरते. निळी ज्योत पिवळी पडली, की मेकॅनिक येऊन पाहीपर्यंत गीझर बंद.

आणि बाहेर जागाच नसेल तर? मग सरळ विजेचा घ्यावा. बिल थोडं वाढेल. ज्यांचा गीझर आधीच आत बसलेला आहे, त्यांनी तो हलवेपर्यंत दार-खिडकी उघडी ठेवून बादली भरावी, गीझर बंद करावा, थोडं थांबावं आणि मग आंघोळीला जावं. शॉवर नको.

कुणी आत बेशुद्ध सापडलंच, तर श्वास रोखून त्याला आधी मोकळ्या हवेत ओढा, गॅस बंद करा, १०८ ला फोन करा. डॉक्टरांना आवर्जून सांगा की गॅस गीझर चालू होता. २०२० मध्ये कोविड आल्यापासून अनेक घरांत ऑक्सिमीटर आहे. पण कार्बन मोनॉक्साइडने भारलेलं रक्त त्याला चांगलंच दिसतं. तो ९८ दाखवतो म्हणून माणसाला घरी ठेवू नका.

भाचीने शेवटी सहा लिटरचाच घेतला, पांढरा. ड्राय बाल्कनीत लावला. दूरच्या बाथरूममध्ये गरम पाणी यायला अर्धा-पाऊण मिनिट लागतं, अशी तिची तक्रार आहे. ते आधीचं गार पाणी ती बादलीत धरते आणि तुळशीला घालते.