कृती एक, वर्णने अनेक (स्वागताध्यक्षीय भाषण)

माणूस काही करतो तेव्हा तो नेमके काय करत असतो, या प्रश्नाला तत्त्वज्ञ विटगेन्स्टाइन यांच्या शिष्या एलिझाबेथ अ‍ॅन्सकम (१९१९–२००१) यांनी १९५७ साली ‘इन्टेन्शन’ या छोटेखानी ग्रंथात हात घातला.

हिरण्यकेशी नदीकाठचा शेतकरी रात्री लाइट आली की मोटारीचे बटण दाबतो. तो बोट हलवतो, मोटार सुरू करतो, उसाला पाणी पाजतो. पाट फुटला असेल तर शेजाऱ्याच्या वावरातही पाणी सोडतो. कृती एकच, वर्णने चार. ‘का?’ असे विचारले तर पहिल्या तिन्हींचे उत्तर त्याच्याजवळ तयार असते. चौथ्याबद्दल तो म्हणतो, ‘ते ठाऊकच नव्हते.’ हा ‘का’ जिथवर लागू पडतो, तिथवर कृती हेतुपूर्वक, असा अ‍ॅन्सकम यांचा निकष आहे. मोटार कशासाठी लावली हे कळायला शेतकऱ्याला स्वतःचे निरीक्षण करावे लागत नाही. हेतू म्हणजे कृतीआधी मनात गुपचूप घडणारी निराळी घटना नव्हे. तो कृतीच्या रचनेतच असतो.

या विचारामागे खरी नैतिक चीड होती. हिरोशिमा-नागासाकीवर बॉम्ब टाकण्याचा आदेश देणारे अमेरिकेचे माजी अध्यक्ष ट्रूमन यांना १९५६ साली ऑक्सफर्डने सन्माननीय पदवी देऊ केली, तेव्हा अ‍ॅन्सकम यांनी उघड विरोध केला. आदेशाखाली ट्रूमन यांची केवळ सही होती, हा बचाव त्यांना मान्य नव्हता आणि तो मान्य होण्याजोगाही नाही. सोयीचे, आखूड वर्णन निवडल्याने कर्ता सुटत नाही.

या चर्चेला आजरा परका नाही. येथे १९४० साली जन्मलेल्या शिवाजी सावंतांनी ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) कर्णाची कथा कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण यांच्या तोंडून सांगितली. तान्ह्याला पेटीत घालून नदीत सोडणे ही लाज राखणे होती, की पोटच्या पोराचा त्याग? दोन्ही वर्णने त्याच एका कृतीची आहेत, आणि कुंतीला दोन्ही ठाऊक होती.

कृतीची अनेक वर्णने तत्त्वज्ञ डोनाल्ड डेव्हिडसन यांनाही मान्य होती. पण कर्त्याची कारणे कृती केवळ समजावून देत नाहीत, ती घडवूनही आणतात, असे त्यांनी १९६३ साली प्रतिपादले. हा वाद मिटलेला नाही. त्यासाठी आजऱ्यात आलेल्या सर्व अभ्यासकांचे स्वागत समितीच्या वतीने मनःपूर्वक स्वागत.