पळसगावचे नाईक यशवंत घाडगे



कामगार चळवळीतल्या माणसाने लढाईवर काय बोलावे, असे काहींच्या मनात आले असेल. पण विषय आमच्या घरचाच आहे. यशवंत घाडगे हे माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. कोकणातल्या अशा गावांतून एक भाऊ मुंबईच्या गिरणीत जाई, दुसरा पलटणीत. घरच्या भात-नाचणीवर वर्ष निघत नसे. डोंबिवलीत अशा घरांची नातवंडे पुष्कळ आहेत.

घाडगे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये नाईक होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या कंपनीने शत्रूच्या ठाण्यावर चढाई केली. मशीनगनचा मारा इतक्या जवळून आला, की घाडग्यांच्या हाताखालचे सारे शिपाई पडले. कोणी ठार, कोणी जखमी. मागे कोणी उरले नाही हे जाणून ते एकटे धावले. हातगोळ्याने मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही थंड केली. टॉमीगनने आणखी एकाला टिपले. तेवढ्यात गोळ्या संपल्या. मॅगझिन बदलायला सवड नव्हती. त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने ठेचले. नुकत्याच गोळ्या ओकलेल्या नळीला मूठ घालणे म्हणजे काय, हे यंत्राजवळ हात भाजलेल्यांना विचारावे. मग दडलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत व पाठीत लागल्या. जिंकलेल्या त्याच मोर्चात त्यांनी प्राण सोडला. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला.

हे कोणासाठी? १९३९ साली व्हाइसरॉयने इथल्या पुढाऱ्यांना न विचारता देशाला युद्धात ओढले. १९४२ च्या ऑगस्टात गवालिया टँकवर 'चले जाव'चा ठराव झाला. म्हणून या शिपायांना भाडोत्री म्हणणारे आम्हांला भेटले आहेत. पगारासाठी राबणाऱ्याला भाडोत्री म्हणायचे, तर आम्ही सारेच भाडोत्री! शिवाय समोर कोण होते? २ मे १९३३ रोजी जर्मनीतल्या कामगार संघटनांच्या कचेऱ्या बळकावून पुढाऱ्यांना तुरुंगात टाकणारी हिटलरची राजवट. पळसगावच्या पोराने हा हिशेब मांडला होता असे आम्ही म्हणत नाही. हिशेब मात्र खरा आहे.

माणगावला त्यांचा पुतळा आहे. कॅसिनोच्या स्मारकावर नाव आहे. २०२३ साली इटलीतल्या मोंतोने गावी त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ बसवले. मानपत्रात मात्र त्यांच्याबरोबर पडलेल्या शिपायांपैकी एकाचेही नाव नाही.