कॉलेट घ्यायचंय? आधी डायल लावून बघा

जळगाव-धुळ्याचे असाल, तर उन्हाळ्यात पत्र्याखालच्या वर्कशॉपमध्ये उभं राहणं काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. आजचा विषय तिथलाच. छोट्या लेथवर कॉलेट कोणतं घ्यायचं आणि कसं वापरायचं.

सुरुवात माझ्याच चुकीपासून. जळगावच्या एमआयडीसीत माझ्या मामांचं छोटं वर्कशॉप आहे. केळीच्या पट्ट्यात पंप आणि ठिबकची कामं कायम निघतात, त्यातली किरकोळ कामं त्यांच्याकडे येतात. सुट्टीच्या दिवशी मी तिथे माझ्या मिनी लेथवर हात चालवतो. एकदा मामा म्हणाले, "भाचे, या ४० पिना तूच मार." १० एमएमचा पितळी रॉड आणि दोन्ही टोकांना ६ एमएमची पायरी. मी थ्री जॉ चकात एक टोक केलं, जॉब उलटा बांधला, दुसरं टोक केलं. मायक्रोमीटरने प्रत्येक टोक बरोबर. पिना दिल्या आणि सगळ्या परत आल्या, कारण बसवल्यावर फिरतच नव्हत्या.

माझ्या रोजच्या भाषेत सांगायचं तर युनिट टेस्ट पास, इंटिग्रेशन फेल! डायल लावला तेव्हा कळलं. चकात रॉड फिरवला की काटा ०.१० एमएम हलत होता, म्हणजे रॉडचा मध्य ०.०५ ने बाजूला. एकाच बांधणीत सगळं काम केलं असतं तर याने काही बिघडलं नसतं, कारण टूल जे कापतं ते स्पिंडलच्या मध्याशी जुळलेलंच असतं. मी जॉब उलटा केला आणि दोन टोकांचे मध्य वेगळे झाले. पितळेचे पैसे मामांनी भरले. बोलले काहीच नाहीत, ते जास्त लागलं.

तर जॉब काढून परत बांधायचा असेल, तिथे कॉलेट. कॉलेट म्हणजे चिरा पाडलेली पोलादी नळी. बाहेरून निमुळती, नट आवळला की चहूबाजूंनी सारखी दाबली जाते. आपल्याकडे सहज मिळतं ते ईआर. स्वित्झर्लंडच्या रेगो-फिक्स कंपनीने १९७० च्या दशकात ते काढलं.

ईआर ३२ म्हणजे ३२ एमएमचा रॉड धरतं, असं मलाही वाटलं होतं. तसं नाही. तो कॉलेटच्या तोंडाच्या आकाराचा नंबर आहे. ईआर ३२ साधारण २० एमएमपर्यंत धरतं, ईआर २५ हे १६ पर्यंत. मिनी लेथला माझ्या मते ३२ घ्या. ३ ते २० चा सेट १८ नगांचा येतो, पण रोज तुम्ही ६, ८, १०, १२ च वापरणार. तेवढीच चांगली घ्या, उरलेले पैसे बऱ्या नटावर घाला.

चक घेताना एक गोष्ट नक्की बघा. मोर्स टेपरमध्ये बसणारा कॉलेट चक स्वस्त असतो, पण मागून ड्रॉबारने आवळावा लागतो आणि स्पिंडलचं भोक बंद होतं. मग लांब रॉड आरपार जात नाही, प्रत्येक तुकडा आधी कापून घ्या. फ्लँजवर बोल्टने बसणारा घ्या. बसवल्यावर आतल्या टेपरला डायल लावा.

आता वापर. माझा पहिला घोळ इथेच झाला. मी कॉलेट आधी चकात टाकलं आणि वरून नट आवळला. चूक! कॉलेट आधी तिरकं धरून नटात टक करून बसवायचं, मग दोन्ही मिळून चकात. नटाच्या आतली कडी कॉलेटच्या खाचेत अडकते, आणि सोडताना तीच कडी त्याला बाहेर ओढते. न अडकवता आवळलं तर नट हातात येतो, कॉलेट आत रुतून बसतं आणि काटाही हलतो.

१० चं कॉलेट १० पासून ९ पर्यंत धरतं. रॉड १०.१ निघाला तर ठोकून घालू नका, ११ चं घ्या. रॉड नसताना नट आवळू नका. जॉब आखूड असेल आणि फक्त पुढच्या टोकात धरला, तर कॉलेट मागून जास्त दबतं आणि जॉब तिरका होतो. मागे त्याच मापाचा तुकडा घाला, दोन्हीकडून दाब सारखा येतो. नट पान्याने आवळा, पान्याला पाइप लावून नाही. आणि चीर, टेपर, नटाचे आटे दरवेळी पुसा. पितळेचा एक कण टेपरवर राहिला की महागड्या कॉलेटचा चक झाला समजा.

रॉड स्पिंडलच्या मागे लांब बाहेर ठेवू नका. वेगात तो वाकतो आणि चाबकासारखा फिरतो, शेजारी कोणी उभं असेल तर विचार करा.

काळा बार, ओतीव तुकडा, षटकोनी रॉड यांना ईआर नाही, तिथे चकच. गोल ब्राइट बार असेल तर कॉलेट.

त्या ४० पिना मी परत केल्या, पितळ माझ्या खर्चाने. कॉलेटमध्ये काटा ०.०२ च्या आत हलत होता. मामांनी एक पिन उचलली, बोटांत फिरवली आणि म्हणाले, "डबा भर." स्वतः मात्र अजून चकच वापरतात, प्रत्येक जॉब एकाच बांधणीत उरकून.