विक्रांतवरील तीनशे क्रमांकाची तुकडी

भारतीय नौदलाची 300 क्रमांकाची लढाऊ विमानांची तुकडी, म्हणजे नौदलाच्या भाषेत स्क्वाड्रन, 7 जुलै 1960 रोजी ब्रिटनमधील ब्रॉडी येथे उभी राहिली आणि पुढच्या वर्षी ‘विक्रांत’ या विमानवाहू युद्धनौकेबरोबर मुंबईत आली. ‘व्हाइट टायगर्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या तुकडीकडे ‘सी हॉक’ ही एका वैमानिकाची, एका जेट इंजिनाची आणि ध्वनीपेक्षा कमी वेगाची विमाने होती; त्यांच्या नाकाखाली 20 मिलिमीटरच्या चार तोफा असत, पंखांखाली बाँब किंवा रॉकेटे टांगता येत, आणि जहाजावरील जागा वाचावी म्हणून पंख दुमडता येत.

1965 च्या भारत-पाकिस्तान युद्धात विक्रांत दुरुस्तीसाठी मुंबईच्या गोदीत होती. पाकिस्तानने ती बुडवल्याचा दावा केला, तेव्हाही ती तेथेच होती. जहाजाविना सी हॉक जमिनीवर अडकून पडली आणि समुद्रावरून लढण्यासाठी उभारलेल्या तुकडीला त्या युद्धात आपले मुख्य काम करताच आले नाही.

1971 च्या युद्धात अडचण वेगळीच होती. विक्रांतच्या चार बॉयलरांपैकी एकाला तडे गेल्याने तो बंद ठेवावा लागला, आणि याचा विमानांशी असलेला संबंध समजून घेतल्याशिवाय या तुकडीची कामगिरी नीट उमगत नाही. सुमारे 213 मीटर लांबीच्या जहाजावर जेट विमानाला धाव घेऊन उडण्याइतकी जागा नसते. म्हणून ‘कॅटापल्ट’ नावाचे वाफेवर चालणारे यंत्र त्याला काही क्षणांत पुढे फेकते, आणि त्याच वेळी जहाज वाऱ्याच्या दिशेने तोंड करून वेगाने जात असल्याने पंखांना समोरून जास्त वारा मिळतो. जहाज चालवणारी वाफ आणि विमान फेकणारी वाफ मात्र त्याच बॉयलरांतून येते. साहजिकच एक बॉयलर गेला की वेगही घटतो, आणि वारा पडलेल्या दिवशी विमानावर किती बाँब चढवायचे, याचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

अशा जहाजाला पश्चिमेकडे, पाकिस्तानच्या मुख्य हवाई ताकदीसमोर, न पाठवता बंगालच्या उपसागरात नेण्याचा निर्णय, सगळे धोके लक्षात घेऊनही, शहाणपणाचा होता, कारण पूर्व पाकिस्तानात शत्रूकडे लढाऊ जेट विमानांची जेमतेम एक तुकडी होती. 4 डिसेंबरच्या सकाळी लेफ्टनंट कमांडर संतोष कुमार गुप्ता यांच्या नेतृत्वाखाली आठ सी हॉक कॉक्स बाजारच्या विमानतळावर गेली आणि त्याच दिवशी दुपारी चितगावच्या बंदरावर व धावपट्टीवर हल्ले झाले. त्यानंतर खुलना, चालना, मोंगला या नदीमुखांजवळच्या बंदरांकडेही मोर्चा वळला. दिवसा सी हॉक, तर रात्री त्याच जहाजावरील 310 क्रमांकाच्या तुकडीची ‘अलीझे’ विमाने असा क्रम चालला. गंमत अशी, की लढाऊ म्हणवणाऱ्या या विमानांची हवेत शत्रूच्या विमानांशी गाठच पडली नाही. त्यांचे युद्ध बंदरे, जहाजे आणि विमानभेदी तोफा यांच्याशी झाले, आणि त्याचे खरे फळ हे की समुद्रमार्गे कुमक येण्याची किंवा निसटून जाण्याची वाट पाकिस्तानी सैन्याला उरली नाही. एकही सी हॉक न गमावता हे साधले. गुप्ता आणि विक्रांतचे कप्तान स्वराज प्रकाश या दोघांना महावीरचक्र मिळाले.

पुढे सी हॉक निवृत्त झाली आणि 1983 मध्ये गोव्यातील दाबोळीच्या तळावर ‘सी हॅरियर’ विमाने आली. तीही 2016 मध्ये गेल्यावर तुकडीचा क्रमांक ‘मिग-29के’ विमानांकडे गेला. विक्रांत मात्र 1997 नंतर काही वर्षे मुंबईत तरंगते संग्रहालय म्हणून राहिली आणि 2014 मध्ये तेथीलच दारूखाना भागात मोडीत निघाली. ज्यांना सी हॉक जवळून पाहायचे असेल, त्यांना आता गोव्यातील नौदलाच्या विमान संग्रहालयात जाता येते.