रात्रपाळीचा हिशेब

(जागतिक परिचारिका दिनानिमित्त १२ मे रोजी रुग्णालयाच्या सभागृहात झालेल्या कार्यक्रमात प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या प्रतिमेस हार घालावा आणि परिचारिकांना गुलाबपुष्प द्यावे, असा प्रघात आहे. तो आपण आताच यथासांग पार पाडला. हातात दिवा घेऊन रात्री रुग्णांमधून फिरणाऱ्या नाइटिंगेल बाई आपणां सर्वांना ठाऊक आहेत. परंतु त्या हिशेबाच्याही अत्यंत पक्क्या होत्या. क्रायमियाच्या युद्धात जखमांपेक्षा रोगराईने अधिक सैनिक दगावले, हे त्यांनी आकडेवारी मांडून सरकारला पटवून दिले. लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या त्या पहिल्या महिला सदस्य होत्या. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्रातले मला काही कळत नाही. म्हणून आज मी हिशेबाविषयीच बोलणार आहे आणि त्याची सुरुवात माझ्या हातून झालेल्या एका चुकीपासून करणार आहे.

गेल्या पावसाळ्यात आपल्या पुरुषांच्या सर्वसाधारण कक्षात पहाटे तीनच्या सुमारास एक वृद्ध रुग्ण लघवीसाठी उठले. त्यांनी घंटा वाजविली होती. तीस खाटांच्या त्या कक्षात त्या रात्री दोन परिचारिका होत्या. पलीकडच्या एका रुग्णास धाप लागल्याने दोघीही त्याच्यापाशी गुंतल्या होत्या. वाट पाहून आजोबा स्वतःच उतरले आणि पाय घसरून पडले. कपाळाला टाके पडले. हाड मोडले नाही, ही ईश्वराची कृपा.

सकाळी त्यांचे चिरंजीव माझ्या खोलीत आले. चाकणच्या कारखान्यातील रात्रपाळी संपवून ते थेट आले होते आणि साहजिकच संतापलेले होते. ‘त्या सिस्टरला आधी कामावरून काढा,’ अशी त्यांची मागणी होती. मी ड्यूटीचा तक्ता मागविला. त्या कक्षात रात्री तीन परिचारिका असत. तीन महिन्यांपूर्वी एक जण नोकरी सोडून गेली, तेव्हा अंदाजपत्रक जुळावे म्हणून ‘सदर जागा तूर्त भरू नये’ असा शेरा मारला गेला होता. शेऱ्याखालची सही माझी होती. तो कागद मी त्या गृहस्थांपुढे ठेवला. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘साहेब, आमच्याकडे रिलीव्हर आल्याशिवाय कोणी मशीन सोडत नाही. माणूसच नसला तर लाइन बंद ठेवतात.’

रुग्णालयाचा कक्ष बंद ठेवता येत नाही. कमी माणसांतही तो चालूच राहतो आणि चालू राहिला म्हणूनच काटकसर यशस्वी झाली, असे माझ्यासारख्याला वाटते.

त्यानंतर मी आपल्या एका ज्येष्ठ परिसेविकांना सविस्तर बोलण्याची विनंती केली. त्यांची सेवा पंचवीस वर्षांहून अधिक झाली आहे. त्या जे म्हणाल्या ते मी टिपून ठेवले, ते आपणांसमोर ठेवतो.

‘साहेब, आजोबा पडले याचे दुःख आम्हांला तुमच्याहून अधिक आहे. पण रात्रभर आम्ही काय करतो, ते एकदा येऊन पाहा. ओव्हर घ्यायचा, औषधे द्यायची, सलाईन बदलायची, ताप-रक्तदाब लिहायचा. त्यातच बिलाच्या चिठ्ठ्या, औषधांच्या परताव्याच्या नोंदी आणि योजनांचे कागद. पेशंटजवळ बसायला वेळ उरतो कुठे? नातेवाइकांना डॉक्टरांशी मोठ्याने बोलायचा धीर होत नाही, तो सगळा राग आमच्यावर निघतो. नव्या मुली दोन वर्षांत तयार होतात आणि सरकारी नोकरी नाही तर परदेश गाठतात. त्यांना मी थांब म्हणू शकत नाही. आणि खरे सांगू का, आमचे काम नीट झाले की ते कोणाला दिसतच नाही. बेडसोर झाला तर चौकशी होते. झाला नाही तर त्याची नोंद कुठल्या वहीत असते?’

हा शेवटचा प्रश्न ऐकला आणि मला मुंबईच्या केईएम रुग्णालयातील अरुणा शानभाग यांचे स्मरण झाले. कर्नाटकातील हळदीपूरहून आलेली ही तरुण परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी ड्यूटी संपवून रुग्णालयाच्या तळघरात कपडे बदलत असताना तेथीलच एका सफाई कामगाराने त्यांच्यावर अमानुष हल्ला केला. मेंदूला झालेल्या इजेमुळे त्या पुन्हा कधी भानावर आल्या नाहीत. संतप्त परिचारिकांनी त्या वेळी संप पुकारून सुरक्षिततेची मागणी केली. पुढे १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत, सुमारे बेचाळीस वर्षे, केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले. ऐंशीच्या दशकात महापालिकेने त्यांना तेथून हलविण्याचा प्रयत्न केला, तेव्हाही परिचारिकाच आडव्या आल्या. दयामरणाविषयीची याचिका सर्वोच्च न्यायालयात पोहोचली, तेव्हा रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांनी तिला विरोध केला. ७ मार्च २०११ च्या निकालपत्रात न्यायालयाने त्यांच्या सेवेची मुक्तकंठाने प्रशंसा केली.

इतकी वर्षे अंथरुणाला खिळलेल्या त्या देहाला त्यांनी बेडसोर होऊ दिला नाही. अशा रुग्णास साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, म्हणजे दिवसातून बारा वेळा. त्यात दिवाळी नाही, रविवार नाही. एका पिढीने दुसऱ्या पिढीकडे सोपविलेले हे व्रत आपण आदराने आठवतो. पण ज्या रुग्णालयाने ही सेवा दिली, तेथेच एका परिचारिकेला कपडे बदलण्यासाठी सुरक्षित खोली मिळाली नव्हती, हेही विसरता कामा नये.

आता प्रत्यक्ष हिशेबाकडे वळतो. तीस खाटा, दोन परिचारिका, आठ तासांची पाळी. दोघींची मिळून ९६० मिनिटे होतात. प्रत्येक रुग्णाच्या वाट्याला ३२ मिनिटे येतात. त्यातून लेखी काम वजा करा. एक रुग्ण अत्यवस्थ झाला की उरलेल्या एकोणतीस जणांची मिनिटे त्याच्याकडे जातात. दुसरा हिशेब असा: एका जागी अष्टौप्रहर एक परिचारिका हवी असेल, तर आठवड्याला २१ पाळ्या भराव्या लागतात. एक परिचारिका आठवड्याला सहा पाळ्या करते. म्हणजे साडेतीन माणसे लागतात. आजारपण, बाळंतपण, सणवार धरले तर चार-पाच. ‘एक परिचारिका वाढवा’ या साध्या वाक्याचा खर्च हा असा असतो. तो मोठा आहे, हे मी नाकारत नाही.

वेतनाचा प्रश्नही झाकून ठेवण्यात अर्थ नाही. २९ जानेवारी २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्र सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने खाजगी रुग्णालयांसाठी शिफारशी केल्या. दोनशेहून अधिक खाटा असल्यास राज्य शासनाच्या परिचारिकांइतके वेतन. शंभर ते दोनशे खाटांसाठी त्याहून फार तर १० टक्के कमी. पन्नास ते शंभर खाटांसाठी फार तर २५ टक्के कमी. आणि पन्नासहून कमी खाटा असल्या तरी दरमहा किमान २०,००० रुपये. या कसोटीवर आपण कोठे उभे आहोत, याचे टिपण मी विश्वस्त मंडळास सादर केले आहे. ते वाचताना मला समाधान वाटले नाही, एवढेच येथे नमूद करतो.

धर्मादाय रुग्णालय म्हणून आपण १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवतो. या खाटांवर येणाऱ्या माणसाचे घर अनेकदा मराठवाड्यात किंवा खानदेशात असते. पिंपळे गुरव, कासारवाडी, दापोडीच्या एखाद्या खोलीत तो चौघांसह राहतो. उशाशी बसायला त्याचे कोणी नसते आणि खाजगी आया ठेवण्याची ऐपत नसते. रात्री त्याची सारी भिस्त परिचारिकेवर असते. तिसरी जागा मी रद्द केली, तेव्हा सर्वांत अधिक कपात याच माणसाच्या वाट्याला आली.

देणगीदार बंधूंनो, आपल्या औदार्यानेच ही वास्तू उभी आहे. परंतु एक निरीक्षण नम्रपणे मांडतो. यंत्र घेतले की ते ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिसते आणि त्यावर दात्याच्या नावाची पाटी लागते. परिचारिकेचे वेतन जमाखर्चात खर्चाच्या बाजूस जाते आणि तूट आली की माझ्यासारख्याची पेन्सिल प्रथम तेथेच फिरते. गेल्या अनेक वर्षांत यंत्रासाठी, खोलीसाठी, रुग्णवाहिकेसाठी देणग्या आल्या. रात्रपाळीच्या परिचारिकेसाठी म्हणून एकही आल्याचे मला आठवत नाही. आम्हीही ती कधी मागितली नाही.

ती आज मागत आहे. रात्रीची तिसरी जागा पुन्हा भरण्यात आली आहे. कक्षातील बिलाच्या व योजनांच्या कागदांसाठी संध्याकाळनंतर स्वतंत्र लिपिक नेमला आहे. परिचारिकांची कपडे बदलण्याची खोली तळमजल्याच्या कोपऱ्यातून हलवून पहिल्या मजल्यावर, वर्दळीच्या जागी आणली आहे. यापुढचे पाऊल म्हणून एक कायम ‘परिचर्या निधी’ उभारावा, त्याच्या केवळ व्याजातून रात्रपाळीच्या जागांचे वेतन भागवावे आणि त्या जागा अंदाजपत्रकाच्या कात्रीबाहेर ठेवाव्यात, असा प्रस्ताव मी विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे. या निधीत देणगी देणाऱ्याच्या नावाची पाटी कोठे लावावी, हे मला अद्याप सुचलेले नाही.

रुग्णांच्या आप्तांनाही एक विनंती. तक्रार अवश्य करा. पण ती कार्यालयात, लेखी करा. डॉक्टर, परिचारिका व अन्य वैद्यकीय कर्मचाऱ्यांवर हात उगारणे हा राज्याच्या २०१० च्या कायद्यान्वये अजामीनपात्र गुन्हा आहे. परंतु कायद्याचा धाक दाखविण्याची वेळ आपल्यावर येऊ नये, अशी माझी इच्छा आहे. कक्षात राग अनावर झाला, तर आधी ड्यूटीचा तक्ता पाहा. तो यापुढे प्रत्येक कक्षाच्या दाराशी लावला जाईल. माणसे कमी दिसली तर माझ्या खोलीचे दार ठोठवा.

त्या रात्री ड्यूटीवर असलेल्या दोन्ही भगिनी आज सभागृहात उपस्थित आहेत. ज्या रुग्णास धाप लागली होती, ते गृहस्थ बरे होऊन घरी गेले. आमच्या त्या महिन्याच्या अहवालात आजोबा पडल्याची नोंद आहे. या रुग्णाची नाही. ती नोंद मी आज या भाषणाद्वारे करीत आहे आणि त्या दोघींची जाहीर क्षमा मागत आहे.